नवसाचा शेठ

माजलगावच्या धरणाकडून बोरखेडीला यायला लागलं, की आधी वनमालाची गिरणी ऐकू येते आणि मग गाव दिसतं. पिठाच्या त्या गिरणीचा दणका असा, की दारात उभं राहून बोलणाऱ्याला घसा ताणावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला न ऐकल्याचं सोंग फुकटात करता येतं. वनमाला कडा गावची लेक. लग्न होऊन आली तेव्हा चार माणसांत तोंड उघडायला लाजायची. सासऱ्यांनी टाकलेली गिरणी त्यांच्यामागे तिच्या गळ्यात पडली, आणि थोड्याच दिवसांत तिला कळलं की हा आवाज आपल्या फार कामाचा आहे. एखादी बाई दळणाबरोबर कुणाची चुगली घेऊन आली, की वनमाला कानाला हात लावून ओरडायची, "काय म्हनता?" पुन्हा बेंबीच्या देठापासून ओरडून सांगण्याइतकी चुगली कुणालाच प्यारी नसते. बाई मुकाट्यानं पीठ घेऊन चालती व्हायची.

पण ही युक्ती खरी उपयोगी पडली ती अंगद आठवीत गेल्यावर.

अंगद तिचा एकुलता एक मुलगा. सातवीपर्यंत इतका गरीब, की शेजारची बबिता आपल्या कार्ट्यांना धपाटे घालताना त्याचंच नाव घ्यायची. मग एका उन्हाळ्यात तो उसासारखा वाढला, आवाज घोगरा झाला, आणि घरात जणू दुसराच कुणी मुक्कामाला आला. कानावरचे केस भादरलेले, मधोमध तुरा, हातात मोबाईल. "जेवलास का रे?" इतकं साधं विचारलं तरी उत्तर यायचं, "तुला काय करायचंय?"

पहिल्यांदा शाळा बुडवली ती शहेबाजच्या गॅरेजात. शहेबाज त्याच्याच वर्गातला, त्याच्या बापाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. सायलेन्सरमधून फटाके कसे वाजवायचे हे शिकण्यापुढे भूगोलाची काय मातब्बरी? दुसऱ्या दिवशी अंगदनं सरांना सांगितलं, आजी आजारी होती. त्या वेळी आजी, म्हणजे केशरबाई, शाळेसमोरच्या पारावर बसून शेंगा फोडत होत्या. खोटं उघडं पडलं, बापानं बदडलं, आणि पोरगं त्यातून एकच धडा शिकलं, की पुढच्या वेळी खोटं नीट बेतून बोलावं. मग खिशात गुटख्याची पुडी सापडली. मग बाजारच्या दिवशी मारामारी झाली. मग बापाची मोटारसायकल न विचारता नेली आणि कालव्यात घातली.

बाप सोमनाथ. ट्रॅक्टर आणि ऊस या दोन गोष्टींत त्याचा हात धरणारा गावात नाही, पण बोलायचं म्हटलं की त्याची गाडी चिखलात रुतते. म्हणून तो बोलायच्या ऐवजी हात उचलायचा. मार खाऊन अंगद शहाणा व्हायच्या ऐवजी निगरगट्ट झाला. "सोमनाथचं पोरगं वाया गेलं," हे वाक्य पारावर इतक्यांदा म्हटलं गेलं, की शेवटी त्या पोरानंच ते मनावर घेतलं. गाव वाईट म्हणतंच आहे, तर निदान नावाला जागावं, असं त्याला वाटत असावं. शिवाय बारकी पोरं त्याच्याकडे डोळे विस्फारून बघायची. वाईटपणाचा एवढा मान चांगलेपणाला कधी मिळाला नव्हता.

दळणाच्या प्रत्येक डब्याबरोबर आता अंगदची एकेक तक्रार यायची. वनमाला कानाला हात लावून "काय म्हनता?" म्हणायची. कधी कधी दळण संपलं तरी गिरणी रिकामी फिरवत ठेवायची, आणि दगड झिजतो म्हणून नवऱ्याची बोलणी खायची. ऐकू मात्र तिला सगळं यायचं. आपल्या लेकराचं नाव कितीही आवाजात आईला ऐकू येतंच.

शेवटी सोमनाथनं जाहीर केलं, "धाव्वीपर्यंत बघतो. नापास झाला की मांजरसुंब्याला मामाच्या ढाब्यावर धाडतो. घासू दे भांडी."

मामा म्हणजे वनमालाचाच भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण तिथल्या हमरस्त्याच्या चौफुल्यावर दिवसरात्र ट्रक, त्यांचे ड्रायव्हर, हरतऱ्हेची माणसं. पोरगं तिथे गेलं की कायमचं हातचं जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. नवऱ्याशी भांडून उपयोग नव्हता. मग तिनं नवस बोलला.

गावाबाहेरच्या टेकडीवर पिराचा दर्गा आहे. गुरुवारी तिथे पाटलांची सूनही जाते आणि फळवाल्याची फरीदाही. नवस फेडायचा म्हणजे कंदुरी करायची: पिराच्या नावानं बोकड कापायचा आणि गावाला जेवू घालायचं. केशरबाईंना सोबत नेऊन वनमालानं पदर पसरला. "बाबा, माझं पोरगं वळणावर येऊ दे, धाव्वी पास होऊ दे. तुझ्या नावानं बोकड पाळते, कंदुरी घालते."

त्याच आठवड्याच्या बाजारातून एक काळं करडू आलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. केशरबाईंनी आपल्या माहेरची रीत सांगितली: ज्याच्यासाठी नवस, त्यानंच बोकड सांभाळायचा. वनमालाला ते पटलं. साऱ्या गोष्टीत चूक झाली ती इथे.

"मी काय शेरडं राखू का आता?" असं म्हणत अंगदनं पहिला दिवस पाय आपटण्यात घालवला. पण करडू फारच लहान होतं, आईवेगळं, बाटलीनं दूध पाजावं लागायचं आणि ते अंगदच्याच हातून प्यायचं. पिऊन झालं की मान वर करून असं बघायचं, जणू बाकीचे सगळे त्याचे नोकर. अंगदनं त्याचं नाव ठेवलं शेठ.

थोडा मोठा झाल्यावर शेठनं एकदा अंगदच्या खिशातली गुटख्याची पुडी पुडीसकट खाल्ली. तोंडाला फेस आला, पाय लटपटले. अंगद आणि शहेबाज त्याला मधे धरून मोटारसायकलवरून माजलगावला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. शेठ वाचला. पण गोठ्यात त्याच्याशेजारी बसलेल्या अंगदचा चेहरा वनमालानं पाहिला होता. कालव्यात मोटारसायकल घातली तेव्हासुद्धा तो एवढा भ्यालेला नव्हता. पुडी पुन्हा खिशात दिसली नाही. ती म्हणे शेठसाठी सोडली, स्वतःसाठी नाही.

पुढचं सगळं हळूहळू झालं. शेठला संध्याकाळी चारा टाकायचा म्हणून अंगद दिवस मावळायच्या आत घरी यायला लागला. ज्याच्या नादानं बाजारात मारामारी झाली होती तो पोरगा पुण्याला निघून गेला. शहेबाज गॅरेजात बापाच्या हाताखाली मन लावून बसू लागला, आणि फटाके वाजवायला एकट्याला काय मजा? तुरा उतरला. आवाज स्थिरावला. एक दिवस वनमालानं सवयीनं विचारलं, "जेवलास का रे?" तर उत्तर आलं, "जेवलो. तू?" ती भाकरी थापता थापता थांबली. पोराला खोड कशी लागली ते साऱ्या गावाला तोंडपाठ होतं. ती कधी सुटली ते कुणालाच कळलं नाही.

श्रेय घेणाऱ्यांची मात्र गावात कमतरता नव्हती. सोमनाथ म्हणे माझा हात लागला. शाळेतले बद्रीनाथ सर म्हणत शिस्त लागली. केशरबाई टेकडीकडे बघून हात जोडत. बबितानं तर आपण घातलेल्या शिव्या कामी आल्या असं सांगून टाकलं.

आणि सगळ्यांची नजर शेठवर. शेठ आता चांगला भरला होता. दळणाला आलेला माणूस गिरणीमागच्या गोठ्यात जायचा, शेठच्या पाठीवर, फऱ्यावर हात दाबून बघायचा, आणि अंगदला म्हणायचा, "आता तुझ्यावर हाय सगळं. तू सुधार बे लवकर, आमाला मटन खाऊ दे."  अंगद त्या माणसाचा हात शेठच्या पाठीवरून बाजूला सारायचा.

दहावीच्या दिवाळीनंतर बद्रीनाथ सर दळणाला आले आणि गिरणीच्या वरताण आवाजात म्हणाले, "वहिनी, अंगद पार सुधारला! नुसता पास न्हाई, चांगल्या मार्कांनी येईल!" वनमाला हवेत तरंगतच स्वयंपाकघरात गेली. जेवताना तिनं सांगूनही टाकलं, "परीक्षा झाली की कंदुरी घालू."

अंगदचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं भर शाळेसमोर, सगळ्यांच्या देखत, शीळ वाजवत, सरांच्या मोटारसायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली.

गाव हादरलं. बबिता तेवढी म्हणाली, "एवढ्यातेवढ्यानं काय व्हतंय, पोरगं गुनाचं हाय." दोन दिवसांत देवळाच्या भोंग्यावर हरिपाठाच्या वेळी लग्नातल्या डीजेचं गाणं वाजलं, आणि वाजवणारा पळून न जाता तिथेच उभा राहिला. सोमनाथनं हात उचलला, पण पोरगं आता त्याच्यापेक्षा उंच झालं होतं आणि जागचं हललंही नाही. हात तसाच खाली आला. मग पूर्वपरीक्षा झाली. बद्रीनाथ सर हताश होऊन पेपर घेऊन आले. सगळे कोरे. वर फक्त नाव, तेही सुवाच्य अक्षरात.

सोमनाथनं मांजरसुंब्याला फोन लावला. "परीक्षा झाली की पाठवतो," एवढंच बोलून ठेवून दिला.

वनमालाला काही सुधरेना. आता बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. वाईट वागणारा अंगद तिनं दोन वर्षं बघितला होता, त्याची तऱ्हा तिला माहीत होती. तेव्हाचा अंगद चुकवायचा, लपायचा, नाकबूल करायचा. हा अंगद बोलावून बोलावून दाखवत होता. आणि ऐन दुपारी डोक्यावर वही धरून गोठ्यात जाऊन बसत होता.

अशाच एका दुपारी ज्वारी दळता दळता लाईट गेली. गिरणी घरघरत थांबली. एरवी कधी ऐकू न येणारे आवाज ऐकू यायला लागले: चिमण्या, टीव्ही बंद पडला म्हणून बबिताची बडबड, आणि भिंतीपलीकडे गोठ्यात अंगद.

"बघ शेठ. काटकोन त्रिकोन हाय. ह्या बाजूचा वर्ग, आधिक ह्या बाजूचा वर्ग, म्हंजे ह्या तिरप्या बाजूचा वर्ग. कळलं का? आता उद्या इतिहास करू."

वनमाला भिंतीला कान लावून उभी राहिली. तिला त्रिकोणातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोरगं अडखळत नव्हतं एवढं कळत होतं.

"सगळं येतंय बे मला," अंगद पुढं म्हणाला. "पन लिहायचं न्हाई. लिहिलं की पास, अन् पास झालो की तुझं मटन. त्यापक्षा मांजरसुंबा बरा. बाप रागावला तर रागावू दे. तुला मातर तिकडं नेता येईल का न्हाई, मामाला विचारावं लागंल."

वनमाला पिठाच्या पोत्यावर बसली. आधी तिला हसू फुटलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. ज्याचं काळीज दगडाचं झालं म्हणून ती दोन वर्षं झुरली, ते पोरगं एका बोकडासाठी आपलं भलं पाण्यात घालायला निघालं होतं. आणि नवस तर तिनंच बोलला होता. बोललेला नवस मोडावा, तर पोरावर काही येईल ही धास्ती. फेडावा, तर पोरगं नापास.

लाईट आली. ज्वारी तशीच टाकून ती टेकडी चढली.

दर्ग्याची झाडलोट, ऊद-फूल सगळं शहेबाजचे आजोबा जमीलचाचा बघतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि इतके हसले की खोकला लागला.

"पोरी, बोकड पिरानं मागितलतं का तुझ्याकडं?"

"न्हाई चाचा. म्याच बोलले."

"मंग? कंदुरीचा मोठेपना करायची हौस आपली, अन् नाव पिराचं. मलिदा कर. गोड खाऊ घाल गावाला. बाबाला तेबी चालतंय." मग बोट वर करून म्हणाले, "पन एक हाय. ज्याच्यासाठी नवस, त्यानं हितं येऊन आपल्या तोंडानं कबूल करायचं, का मी सुधारलो. त्याशिवाय नवस फिटत न्हाई. जा, घेऊन ये गुरुवारी. बोकडालाबी आन."

गुरुवारी वनमालानं शेठच्या गळ्यात दोर बांधला आणि अंगदला म्हणाली, "चल टेकडीवर." का ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरानं तोंडदेखलं हो म्हटलं असतं. तिला ते त्याच्या मनातून हवं होतं.

अर्ध्या वाटेत अंगदला काय वाटायचं ते वाटलं. तो रस्त्यातच फतकल मारून बसला आणि शेठला मिठी मारली. "कावून नेतीस त्याला? परीक्षा कुठं झालीया अजून? मी न्हाई सुधारलो!"

आवाज ऐकून चाचा खाली उतरून आले. दगडावर बसले. "कोन म्हनतं सुधारला? सांग बरं, काय काय केलंस."

अंगदनं घाईघाईनं आपली कर्मं मोजायला घेतली. "सरांच्या गाडीची हवा सोडली."

"मंग भरली कुनी?" चाचांनी विचारलं. "शहेबाजच्या दुकानातून पंप कोन घेऊन गेलतं?"

अंगदनं पुढचं कर्म काढलं. "हरिपाठात गानं लावलं," तो म्हणाला.

"अन् मंग सगळे टाळ कुनी पुसून ठेवले? पुजारी सांगत व्हता. अजून?"

"पेपर कोरे ठिवले."

"आन् गुटखा? मारामारी? आईला उलटून बोलनं?"

"ते... ते न्हाई करत आता." अंगदची मान खाली गेली. मग एकदम उसळून तो म्हणाला, "पन मी करू शकतो! उद्यापसून करतो! चाचा, याला सोडा, मी लई वाईट वागंन, आल्ला कसम!"

वनमालाला राहवलं नाही. ती धुळीत त्याच्याजवळ बसली, त्याचं डोकं छातीशी धरलं. आठवीनंतर पहिल्यांदा त्यानं धरू दिलं. "वेड्या, न्हाई कापत तुझ्या शेठला. मलिदा करायचाय. तू फकस्त खरं सांग."

अंगदनं आईकडे बघितलं, चाचांकडे बघितलं, शेठकडे बघितलं. शेठ चाचांच्या लुंगीचं टोक चघळत होता. पोराचे कान लालभडक झाले.  हवा सोडताना शीळ घालणारा तो वाघ जमिनीकडे बघत पुटपुटला, "सुधारलो. जरा."

"जराबी चालतंय," चाचा म्हणाले.

घरी सोमनाथला सगळं सांगितलं. तो उठून गोठ्यात गेला, शेठसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "लेका, माझ्यासाठी कुनी नापास व्हायला तयार झालं नसतं." आणि त्यानं स्वतःच मांजरसुंब्याला फोन करून पोरगं येत नाही म्हणून कळवलं.

अंगद पास झाला. बद्रीनाथ सरांनी सांगितलं होतं तितक्या चांगल्या मार्कांनी. मलिद्यासाठी गहू वनमालानं स्वतः भरडला, जाडसर, आणि तूप-गूळ मोकळ्या हातानं घातला. गाव जेवायला बसलं, पण तोंडं पाडून. किती तरी महिने त्या बोकडाच्या पाठीवर हात दाबून बघितलेला, आणि आता तोच बोकड गळ्यात फुलांचा हार घालून पंगतीच्या कडेनं फिरत होता आणि तो हारही खात होता. लोकांनी मटणाचा वचपा अंगदवर काढला. चाचांच्या हुकमानं वाढायचं काम त्याच्याकडे होतं, आणि प्रत्येक पानावर त्याला थांबवून विचारलं जात होतं, "काय रे, सुधारलास का?" बबितानं तर दोनदा वाढून घेतलं आणि दोनदा विचारलं. अंगद प्रत्येक वेळी लाल होऊन "हो" म्हणत होता. त्याला आजवर मिळालेल्या सगळ्या शिक्षांत ही सगळ्यात अवघड होती, आणि ती त्यानं शेवटच्या पानापर्यंत भोगली.

सुधारला म्हणजे काही संत झाला नाही. आता तो माजलगावला अकरावीला जातो, कधी शेवटची बस चुकवतो, कधी शहेबाजच्या नव्या गाडीवरून फटाके वाजवत येतो. शेठ आहेच, दुपटीनं लठ्ठ झालाय आणि पुस्तकं खातो. दळणाला आलेल्या बायका अजूनही डबा ठेवता ठेवता म्हणतात, "तुमच्या अंगदचं ऐकलं का?"

वनमाला आता कानाला हात लावत नाही. ती खटका खाली ओढते. गिरणी घरघरत थांबते, आणि वनमाला पिठाचे हात पदराला पुसून समोर येऊन बसते. "हां," ती म्हणते, "सांगा."